बर्फावरची मोटार : शोध आणि दुरुस्ती

हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी बर्फावर चालणारी स्कूटर पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रबराचा रुंद पट्टा आणि फटफट आवाज करणारे इंजिन. हिलाच स्नोमोबाइल म्हणतात. आपल्याला ती सहलीतली गंमत वाटते. पण ज्यांनी ती घडवली त्यांच्यापुढे प्रश्न जगण्यामरण्याचा होता. म्हणून तिच्या शोधाचा इतिहास आणि तिच्या दुरुस्तीचा इतिहास आम्हांला वेगळे काढता येत नाहीत.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तेथे १९०७ मध्ये जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए याचा जन्म झाला. १९२२ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने फोर्ड मोटारीचे जुने इंजिन घसरगाडीवर बसवले, त्याला विमानासारखा पंखा जोडला आणि भावाला घेऊन ती बर्फावर पळवली. उघड्या पंख्याचा धोका ओळखून वडिलांनी ती ताबडतोब मोडायला लावली. १९२६ मध्ये त्याने गावात गॅरेज काढले. त्या काळी हिवाळ्यात तिथले लोक मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर काढत. गॅरेजचे काम मंदावे, आणि मग बोंबार्दिएचे प्रयोग सुरू होत.

मोटार बर्फात का रुतते? कारण दाब. दाब म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावर पडणारे बल. ६० किलोचा माणूस चालताना एका पायावर असतो, तेव्हा तळव्याचे क्षेत्रफळ २०० चौ. सें.मी. धरले तर दर चौ. सें.मी.वर ३०० ग्रॅम भार येतो. भुसभुशीत बर्फ तो पेलत नाही. आता स्नोमोबाइल आणि चालक यांचे वजन मिळून २५० किलो, आणि पट्टा व स्की यांचे बर्फाला टेकलेले क्षेत्रफळ ५००० चौ. सें.मी. धरू. भार येतो फक्त ५० ग्रॅम! माणसाच्या चौपटीहून जड असलेली गाडी त्याच्यापेक्षा कमी रुतते.

पट्ट्याची कल्पना बोंबार्दिएच्या आधीची. आडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने रशियाच्या झारच्या मोटारींना असे पट्टे बसवले होते. अडचण दुसरीच होती. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकात बर्फ भरे, दबून घट्ट होई आणि यंत्रणा अडकून पडे.

१९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दिएच्या दोन वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सचा आजार झाला आणि तो पोटात पसरला. शेरब्रूकचे रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर दूर. रस्ते बर्फाखाली गेलेले. बापाची एकही प्रायोगिक गाडी अजून प्रवासाच्या लायकीची झाली नव्हती. मूल दगावले.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्याला उत्तर सापडले. त्याने दातेरी चाकाला रबराचे आवरण दिले आणि त्याला जुळणारा पट्टा तयार केला. रबराला बर्फ सहजी चिकटत नाही. १९३७ मध्ये पेटंट मिळाले. सात जणांची बी-७ आणि नंतर बारा जणांची बी-१२ या गाड्या आल्या. प्लायवूडचे अंग आणि जहाजासारख्या गोल खिडक्या असलेल्या या गाड्यांतून डॉक्टर रुग्णांकडे जात, टपाल पोचे, मुले शाळेत जात. १९४२ मध्ये कंपनी स्थापन झाली.

पुढे १९४८ च्या सुमारास क्यूबेक सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवायला सुरुवात केली. आता साधी मोटारही बारा महिने चालू लागली आणि मोठ्या गाड्यांची विक्री एकदम घसरली. तेव्हा बोंबार्दिएने एकट्यादुकट्यासाठी लहान गाडी करण्याचे आपले जुने स्वप्न पुन्हा हाती घेतले. त्याच्या मुलाने तयार केलेला एकसंध रबरी पट्टा त्यासाठी कामी आला. १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आली. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. दूर उत्तरेचे शिकारी आणि मिशनरी यांच्यासाठी योजलेले हे वाहन पाहता पाहता हौशी लोकांचे झाले.

तरीही जिथे रस्ता नाही तिथे गॅरेजही नाही, ही गोष्ट बदलली नाही. एप्रिल १९६८ मध्ये राल्फ प्लेस्टेड याचे पथक स्नोमोबाइलवरून उत्तर ध्रुवावर पोचले. अमेरिकन हवाई दलाच्या विमानाने त्यांचे स्थान पडताळून पाहिले. ध्रुवावर पोचलेल्या चौघांत एक मेकॅनिक होता आणि एक बोंबार्दिएचा पुतण्या. गोठलेल्या समुद्रावर गाडी बंद पडली, तर ती ज्याच्या हाती आहे त्यानेच ती चालू करायची.

१९६० च्या दशकातल्या अशा गाड्या आजही हौसेने चालत्या ठेवल्या जातात. त्यांच्या बिघाडांची यादी म्हणजे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची उजळणीच आहे.

पहिला बिघाड पेट्रोलचा. ही गाडी उन्हाळाभर पडून असते. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे राहिलेला चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये, बसतो. म्हणून हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करतात. जेट साफ करायला तार घालू नये. भोक मोठे होते आणि मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

दुसरा बिघाड हवेचा. उणे ३० अंश सेल्सिअसला हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक घन असते (निरपेक्ष तापमाने २४३ आणि ३०३, भागाकार करून पाहावा). तितके पेट्रोलही अधिक लागते, म्हणून थंडीत मोठा जेट बसवतात. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमधूनच येते. क्रँकच्या दांड्यावरचे रबरी सील वर्षानुवर्षे पडून सुकले, की फटीतून जादा हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, उष्णता वाढते, वंगण अपुरे पडते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होतो. जुनी गाडी विकत घेणारा पुष्कळदा कार्बोरेटरच साफ करत बसतो. खरे दुखणे सीलमध्ये असते.

तिसरा बिघाड बेल्टचा. गिअर नसलेल्या आपल्याकडच्या स्कूटरप्रमाणेच येथे दोन कप्प्यांमध्ये रबरी बेल्ट असतो. वेग वाढला की फिरणारी वजने बाहेर सरकतात, पुढच्या कप्पीच्या बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुरेसा वर चढत नाही आणि इंजिन ओरडले तरी गाडी पळत नाही. म्हणून जाणकार चालक जादा बेल्ट आणि स्पार्क प्लग जवळ ठेवल्याशिवाय निघत नाही. परत आल्यावर तो गाडीचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवतो, म्हणजे पट्टा जमिनीला गोठून चिकटत नाही.

वर्गात हे शिकवताना मुलांना आलेखाच्या कागदावर स्वतःचा तळवा आखून दाब काढायला सांगावे. मग जवळच्या स्कूटर मेकॅनिककडे नेऊन जुना बेल्ट आणि मळलेला जेट दाखवावा. बोंबार्दिएचे शिक्षणही असेच इंजिने खोलून आणि पुन्हा जोडून झाले होते. १९६४ मध्ये तो वारला. व्हालकूरच्या संग्रहालयात त्याचे ते पहिले गॅरेज जतन करून ठेवले आहे.