‘पैठण शैली’ की पिंगुळीची पोथी? : चित्रकथी चित्रांच्या संग्रहाचा इतिहास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या कलेतिहासात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आणि पेशवेकालीन वाड्यांतील चित्रांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या मानाने कागदावर काळ्या रेषेने रेखाटलेल्या व देशी रंगांनी भरलेल्या चित्रकथी चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा वळले. ही चित्रे ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली गेली. हे नाव चित्रांच्या निर्मितीतून आले नसून त्यांच्या संग्रहातून आले आहे, आणि त्यामुळे चित्रे बाळगणारा समाज दीर्घकाळ दृष्टीआड राहिला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्रांचे स्वरूप :

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी या गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हे खेळही याच समाजाकडे आहेत. चित्रांतील एका बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे, ठळक बाह्यरेषा आणि पार्श्वभूमीचा अभाव पाहिला की चामड्याच्या बाहुल्यांशी असलेले त्यांचे नाते सहज लक्षात येते.

एका आख्यानाच्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविली की पोथीचे एक पान तयार होते. सीताशुद्धी, अहिरावण-महिरावण, बभ्रुवाहन अशी आख्याने या पोथ्यांत आढळतात. देवळात, विशेषतः नवरात्रात, कथेकरी एकेक पान श्रोत्यांसमोर धरून वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने आख्यान सांगतो. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता आणि कोणत्या घराण्याने कोणत्या देवळात कथा लावायची हेही ठरलेले असे. म्हणजेच चित्राचा अर्थ एकट्या पानात नाही. तो आधीच्या व नंतरच्या पानात, गायनात आणि त्या देवळाच्या मानपानात विभागलेला आहे.

संग्रहाचा इतिहास :

या चित्रांकडे जाणकारांचे लक्ष वेधणाऱ्यांत पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. बालवयात निधन पावलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी उभारलेला संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झाला. अडकित्ते, दिवे, वाद्ये, दरवाजे यांच्या जोडीने चित्रकथीची पानेही त्यांनी जमविली. इतरांना जी चित्रे जीर्ण कागद वाटली असती ती त्यांच्यामुळे वाचली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आरंभी हाती आलेली काही चित्रे पैठण परिसरातून मिळाल्यामुळे त्यांना ‘पैठण’ हे नाव मिळाले. अ‍ॅना दल्लापिकोला यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथातही ‘पैठण’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातलेला आहे. नावाविषयीचा संकोच त्या चिन्हांतच दिसतो. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांनी पिंगुळीच्या चित्रांचा कथनाच्या अंगाने अभ्यास केला. तरीही संग्रहालयांच्या नोंदींत ‘पैठण’ हेच नाव रूढ राहिले.

असे घडणे केवळ आपल्याकडचे नाही. सोळाव्या शतकात इटलीतील व्हासारी हा चित्रकार-चरित्रकार जुन्या कलावंतांची शाईची रेखाटने जमवून त्यांभोवती स्वतः चौकटी काढीत असे आणि त्यांवर कर्त्याची नावे लिहीत असे. त्यांतील काही नावे पुढील संशोधनात चुकीची ठरली. मात्र युरोपात रेखाटन कोणाकडून कोणाकडे गेले याचा माग काढण्याची शिस्त निर्माण झाली. फ्रिट्स लुग्ट यांनी १९२१ साली संग्राहकांच्या शिक्क्यांचा कोशच प्रसिद्ध केला. चित्रकथीच्या पानावर असा शिक्का नसतो. त्याचा मागील मालक म्हणजे एक कुटुंब आणि एक देऊळ. ते नोंदले नाही तर पुसले जाते.

नावाचे परिणाम :

पहिला परिणाम असा की संग्रहणाचे स्थळ हेच निर्मितीचे स्थळ समजले जाते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पोथीतून सुटलेले पान चौकटीत बसले की ते ‘चित्र’ होते, पण आख्यानाचा क्रम हरवतो. मग युद्धप्रसंगातील वीर कोण हेही निश्चित सांगता येत नाही. तिसरे असे की, नावात ठाकर समाज नसल्यामुळे कलेचे श्रेय अनामिक लोककलेच्या खाती जमा होते. पिंगुळीचे परशुराम आत्माराम गंगावणे यांनी गावातच ठाकर आदिवासी कला अंगण हे संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वस्तू जपणारा आणि वस्तूची कथा जाणणारा तेथे एकच आहे, म्हणून या प्रयत्नाचे महत्त्व विशेष आहे.

निष्कर्ष :

‘पैठण’ हे नाव एकाएकी काढून टाकणे इष्ट नाही, कारण तोही आता संग्रहाच्या इतिहासाचा भाग झाला आहे. तथापि नोंदीत प्राप्तिस्थळ आणि परंपरेचे स्थळ यांचे रकाने वेगळे असावेत. सुटे पान हा घटक न मानता पोथी हा घटक मानावा, आणि विखुरलेल्या पानांची जुळणी करताना पिंगुळीच्या कथेकऱ्यांची साक्ष घ्यावी. ज्या मुळशी तालुक्यात आम्ही अध्यापन करतो, तेथील गावे शंभर वर्षांपूर्वी धरणासाठी उठली. वस्तू आणि तिचे गाव यांची ताटातूट म्हणजे काय, हे येथील विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. घरातील व देवळातील जुनी पोथी बाहेर जाण्यापूर्वी ती कोणाची, कोठली व कशासाठी होती एवढे तीन शब्द त्यांनी लिहून ठेवले, तरी पुढील संशोधकाचे निम्मे काम होईल.