शिफारशीचे बळ

शासनाने निर्माण करावयाची, शासनानेच पोसावयाची आणि तरीही शासनालाच जाब विचारावयाचा, अशा अवघड आसनावर बसलेल्या संस्था दिल्लीत थोड्याच आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग ही त्यांपैकी एक. २८ सप्टेंबर १९९३ रोजी वटहुकूम निघाला, १२ ऑक्टोबरला आयोग अस्तित्वात आला आणि न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र पहिले अध्यक्ष झाले. अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मात्र जानेवारी १९९४ मध्ये मिळाली.

साक्षीदारांना पाचारण करण्याचा, कागदपत्रे मागविण्याचा दिवाणी न्यायालयाचा अधिकार आयोगास आहे. निवाडा देण्याचा नाही. चौकशीअंती त्याने शिफारस करावयाची. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव अशा वेळी मराठी माणसाच्या ओठी येणारच. पण रामशास्त्र्यांना पद सोडून निघून जाता आले, संस्थेला ती सोय नाही.

या तोकड्या अधिकाराचा कस चकमांच्या प्रकरणात लागला. १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेले हे लोक पुढे अरुणाचलात वसविले गेले. त्यांची संख्या सुमारे ६५ हजारांवर गेली होती. १९९४ मध्ये तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडून जाण्याची धमकी दिली. तक्रारी दिल्लीस पोहोचल्या. आयोगाने राज्य सरकारकडे विचारणा केली, तेव्हा उत्तरास विलंबच होऊ लागला. आपल्या प्रयत्नांनी हे लोक आपल्या घरांत टिकतील, याची आयोगास खात्री वाटेना. तेव्हा तो स्वतःच अर्जदार होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेला. माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करण्यास राज्य बांधील आहे, असा निर्णय ९ जानेवारी १९९६ रोजी झाला. शिफारशीने जे झाले नसते, ते याचिकेने झाले.

अध्यक्षांस पदावरून दूर करावयाचे, तर गैरवर्तन वा अक्षमतेच्या आरोपाची सर्वोच्च न्यायालयाकडून चौकशी व्हावी लागते. आसन असे भक्कम. हात मात्र उसने. महासचिव केंद्र सरकारने द्यावयाचा आणि तपासपथकही पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याखाली त्यानेच पुरवावयाचे. कोठडीतील प्रत्येक मृत्यूची वर्दी २४ तासांत द्यावी, असे आयोगाने डिसेंबर १९९३ मध्येच फर्माविले होते; पण त्या वर्दीमागील सत्य शोधण्यास जाणारा माणूस पुन्हा पोलीसच. सशस्त्र दलांविषयी तर केवळ केंद्राकडून अहवाल मागविता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने अध्यक्षांची मुदत ५ वर्षांवरून ३ वर्षांवर आणली.

अशा संस्थांची पारख करणाऱ्या जागतिक संघटनेने २०२३ मध्ये, आणि पुन्हा २०२४ मध्ये, आयोगाच्या मान्यतेचा निर्णय लांबणीवर टाकला. पोलिसांच्या चौकशीस पोलीस अधिकारीच नेमले जातात, हा तिच्या आक्षेपांपैकी एक होता.