थंडीतली ठिणगी

गेल्या महिन्यात माझा भाचा हिमालयात पदभ्रमणाला निघाला. जाण्याआधी त्याने फोन केला, "मामू, बर्फात दगा न देणारा लायटर कुठला?" प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधताना मी थेट पाच हजार वर्षं मागे गेलो, आणि वाटेत मला माझी नानी भेटली.

लहानपणी आमच्या घरची चूल रात्री पुरती विझत नसे. नानी झोपण्याआधी दोन-चार निखारे राखेत झाकून ठेवायची. पहाटे राख सारून फुंकर घातली, की विस्तव जागा व्हायचा. शेजारपाजारचं कुणीतरी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव न्यायला यायचं. आगपेटी घरात होती, पण पावसाळ्यात काड्या सादळायच्या. "एका काडीच्या भरवशावर चूल ठेवू नये," असं नानी म्हणायची. मला तो कंजूषपणा वाटे.

त्याचा अर्थ कळला ऑक्टोबर १९९४ मध्ये, कुमाऊँतल्या पिंडारी हिमनदीच्या वाटेवर. फुरकियाला, सव्वातीन हजार मीटरच्या आसपास, आमचा मुक्काम होता. आदल्या दिवशी आमच्यातला एक जण ओढ्यात पडून चिंब भिजला होता. पहाटे त्याच्या दातांवर दात आपटत होते, शब्द नीट फुटत नव्हते. त्याच्या पोटात काहीतरी गरम जाणं भाग होतं. स्टोव्ह तयार होता, पातेल्यात पाणी होतं, पण लायटर पेटेना. चाक फिरवलं की ठिणगी पडे, ज्योत येईना. आगपेटी त्याच्याच सॅकमध्ये होती, तीही भिजलेली. आमचे वाटाडे, ज्यांना सगळे दाज्यू म्हणत, पुढे आले. त्यांनी लायटर काखेत धरला आणि पाच मिनिटं स्वस्थ बसून राहिले. मग चाक फिरवलं आणि ज्योत उभी राहिली. "यालाही थंडी वाजते, साहेब," ते म्हणाले.

ते खरंच होतं. साध्या लायटरमध्ये ब्युटेन हा वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. झडप उघडली, की त्याची वाफ बाहेर येते आणि ती पेटते. समुद्रसपाटीला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. पारा शून्याकडे उतरू लागला, की वाफेचा जोर ओसरतो आणि ठिणगीला पेटवायला काही उरत नाही. अंगाच्या उबेने ती वाफ परत येते.

आता पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात एक मृतदेह सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. संशोधकांनी त्याला ओत्झी म्हटलं. त्याच्याजवळ भूर्जाच्या सालीचा एक डबा होता. त्यात मेपलची पानं होती आणि कोळशाचे कण होते, म्हणजे तो निखारे पानांत गुंडाळून नेत असे. शिवाय कमरेच्या पिशवीत झाडावर वाढणारी, चटकन धुमसणारी बुरशी होती आणि तिच्यावर ठिणगी पाडणाऱ्या पायराइट खनिजाचे अंश होते. निखारा विझलाच तर दुसरी सोय तयार! नानीचाच बंदोबस्त.

पुढे लोखंड आलं आणि गारगोटीवर पोलाद मारून ठिणगी पाडणारी चकमक आली. चकमक हा शब्द मुळात तुर्की. इस्तंबूलमध्ये आजही लायटरला 'चाकमाक'च म्हणतात. आपण मात्र तिला पोलीस आणि दरोडेखोरांच्या बातम्यांपुरती ठेवली. लडाख आणि तिबेटात पुरुष कमरेला चामड्याची छोटी पिशवी बांधत. तिच्या खालच्या काठाला पोलादाची पट्टी असे, आत गार आणि कोरडा कापसासारखा पाला. ही चकमक थंडीला भीक घालत नाही. तिला ओलाव्याची तेवढी भीती.

१८२७ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने घासून पेटणारी काडी विकायला काढली. १८४४ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ पाश यांनी सुरक्षित काडीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९२३ मध्ये विमको कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला. आग स्वस्त झाली, खिशात आली. पण १९११ मध्ये अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघालेल्या विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड यांना विचारा. पारा उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तंबूत एक काडी पेटवायला पेट्यांमागून पेट्या घासाव्या लागत.

लायटरचा खडा आला तो १९०३ मध्ये. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी सेरियम आणि लोखंडाचा मिश्रधातू केला. तो खरवडला, की ठिणग्यांचा पाऊस पडतो. १९३३ मध्ये अमेरिकेत ब्रॅडफर्ड गावी झिप्पो लायटर तयार झाला. त्यात वात, पेट्रोलच्या जातीचं इंधन आणि भोवती वाऱ्याला अडवणारी भोकांची जाळी होती. दुसऱ्या महायुद्धात त्याचं सगळं उत्पादन अमेरिकी सैन्याकडे गेलं. वाऱ्यात तो टिकतो, पण त्याचं इंधन न वापरताही उडून जातं.

म्हणजे पाहा, प्रत्येक नव्या साधनाने आपले कष्ट कमी केले आणि एक नवं दुखणं आणलं. निखारा विझतो, काडी सादळते, गॅस गारठतो, इंधन उडतं. गावात ते दुखणं कळत नाही, कारण शेजारी असतो. बर्फात शेजारी नसतो.

भाच्याला मी सांगितलं, "एक लायटर शोधू नकोस, तीन गोष्टी ने. चाकाचा साधा गॅस लायटर, तोही सॅकमध्ये नाही, शर्टाच्या आतल्या खिशात. घट्ट झाकणाच्या डबीत आगपेटी. आणि लायटरच्या खड्याच्याच धातूची एक कांडी. ती भिजली तरी पुसून ठिणगी देते. तिच्यासोबत कोरडा कापूस. आणि तिन्ही एका सॅकमध्ये भरू नकोस, सोबत्यांत वाटून दे."

"एवढं कशाला, मामू?" तो म्हणाला.

मी त्याला फुरकियाची ती पहाट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कापूस किती घेऊ?"