स्वतंत्र अनुबोधपट आणि न्यायासन : १९७० ते २००६

भारतातील अनुबोधपटाचा इतिहास हा दीर्घकाळ शासकीय प्रसिद्धीच्या इतिहासाचा एक पोटविभाग म्हणूनच लिहिला गेला. ह्यास सबळ कारणे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, ब्रिटिश सरकारने 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था उभारली आणि भारत संरक्षण नियमांच्या आधारे प्रत्येक चित्रपटगृहावर सरकारमान्य पट दाखविण्याची सक्ती केली. युद्धसमाप्तीनंतर, १९४६ साली, ही संस्था बंद झाली. परंतु १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने मुंबईत 'फिल्म्स डिव्हिजन'ची स्थापना केली, आणि मान्य पट दाखविण्याचे बंधन चित्रपटगृहांच्या परवान्यातील अट म्हणून पुन्हा अस्तित्वात आले. निर्माता, परीक्षक व वितरक ह्या तिन्ही भूमिका अशा रीतीने शासनाकडेच एकवटल्या. साठोत्तर काळात जाँ भावनगरी ह्यांच्या प्रोत्साहनाने सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री व प्रमोद पती ह्यांनी त्या चौकटीतही स्वतंत्र दृष्टीचे पट निर्माण केले, हे खरे. तथापि त्या चौकटीबाहेर उभ्या असलेल्या चित्रकर्त्याला प्रेक्षकांपर्यंत पोचण्याचा राजमार्ग जवळजवळ बंदच होता.

हा मार्ग खुला करण्याचा प्रयत्न ज्या ठिकाणी झाला, ते ठिकाण म्हणजे न्यायालय. स्वतंत्र अनुबोधपटाने न्यायालयात काय मिळविले, हा प्रश्न सामान्यतः विजयाच्या भाषेत मांडला जातो. निकालपत्रांचा क्रम बारकाईने पाहिल्यास मात्र निराळे चित्र दिसते. अधिकाराचे तत्त्व मान्य व्हावे आणि त्याच निकालाने त्या अधिकारावर मर्यादा घालणारी यंत्रणाही कायम राहावी, असा प्रकार ह्या इतिहासात वारंवार घडला आहे.

आरंभ ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या प्रकरणापासून करणे उचित ठरेल. मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली ह्या चार शहरांतील वैभव आणि दारिद्र्य ह्यांची तुलना करणारा 'अ टेल ऑफ फोर सिटीज' हा त्यांचा लघुपट अवघ्या सोळा मिनिटांचा होता. त्यातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर सेन्सॉर मंडळाने आक्षेप घेतला व सर्वांसाठी प्रदर्शनाचे प्रमाणपत्र नाकारले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने माघार घेऊन कोणतीही कात्री न लावता प्रमाणपत्र देऊ केले. तक्रार येथेच संपली असती. परंतु अब्बास ह्यांनी अर्जात दुरुस्ती करून पूर्वनियंत्रणाच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला ह्यांनी दिलेल्या निकालात ते आव्हान फेटाळले गेले. चित्रपट हे माध्यम अन्य कलांपेक्षा भावनांना अधिक खोलवर हलविते, म्हणून त्यास वेगळी वागणूक देणे गैर नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्याच वेळी अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, तसेच नियम ठरविताना कलात्मक मूल्याचा विचार व्हावा, असेही न्यायालयाने सुचविले. सारांश, अब्बास ह्यांचा पट सुटला, पण तत्त्व हरले.

ह्या निकालानंतर अवघ्या पाच वर्षांनी आणीबाणी आली. बिहारमधील जयप्रकाश नारायण ह्यांच्या आंदोलनावर आनंद पटवर्धन ह्यांनी अत्यल्प साधनांनिशी तयार केलेला 'क्रांति की तरंगें' हा पट त्या काळात गुप्तपणेच दाखविला जाऊ शकत होता. संकोच फक्त सेन्सॉरच्या कात्रीनेच होतो असे नाही, हे त्या अनुभवाने स्पष्ट केले. पुढील दशकात तर दूरदर्शन हे देशव्यापी माध्यम झाले आणि वादाचे केंद्र सरकले. आता प्रमाणपत्र मिळालेला, इतकेच नव्हे तर राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला पटही प्रक्षेपित न करण्याची मुभा दूरदर्शनला आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरील 'बियाँड जेनोसाइड' हा तपन बोस व सुहासिनी मुळे ह्यांचा पट ह्याचे ठळक उदाहरण होय. १९८७ सालचा सर्वोत्कृष्ट कथेतर चित्रपट म्हणून त्यास सुवर्णकमळ मिळाले होते. तरीही विषय शिळा झाला आहे, राज्य सरकारवर टीका आहे, नुकसानभरपाईचे दावे प्रलंबित आहेत, अशी कारणे देऊन दूरदर्शनने तो नाकारला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे अग्राह्य ठरविली. शासनावर टीका हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, हा ह्या निकालाचा खरा आशय होय.

ह्या दोन निकालांच्या मधल्या काळात मुंबईत जे घडले, त्याचा विचार केल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. १३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांनी मुंबईतील पदपथवासी व झोपडीवासी ह्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली, आणि ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडण्यास आरंभ झाला. ह्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. उपजीविकेचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकारात अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. परंतु पदपथावर निवारा उभारण्याचा अधिकार कोणासही नाही, असेही त्याच निकालाने सांगितले, आणि १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमातील ३१४ वे कलम वैध ठरविले. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत पदपथवासीयांना हटवू नये, एवढाच तात्कालिक दिलासा मिळाला.

त्याच वर्षी पटवर्धन ह्यांचा 'हमारा शहर' पूर्ण झाला. न्यायालयात जे प्रकरण अनुच्छेदांच्या व कलमांच्या भाषेत चालले, तेच ह्या पटात उद्ध्वस्त झोपडीसमोर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडून ऐकू येते. पटातील एक स्त्री तर कॅमेऱ्यामागील मंडळींनाच, ह्या चित्रणाचा आम्हाला काय उपयोग, असा रोखठोक सवाल करते. हा सवाल दिग्दर्शकाने कापून टाकला नाही, ही बाब महत्त्वाची आहे. निकालपत्रात पदपथवासी हा अर्जदार असतो. पटात तो साक्षीदार असतो, आणि प्रसंगी उलटतपासणी घेणाराही होतो.

ह्या दोन इतिहासांतील साम्य केवळ योगायोगाचे नाही. अब्बास प्रकरणात अभिव्यक्तीचे मोल मान्य झाले व पूर्वनियंत्रण टिकले. टेलिस प्रकरणात उपजीविकेचे मोल मान्य झाले व निष्कासनाचा अधिकार टिकला. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने शासनाच्या सत्तेला हात न लावता तिच्या वापराला शिस्त लावण्याचा मार्ग पत्करला. कोणी म्हणेल की, शिस्त लागणे हाही लाभच आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु शिस्तीचा लाभ ज्याच्यापाशी दीर्घकाळ झगडण्याचे बळ आहे त्यालाच होतो. चित्रकर्ता वर्षानुवर्षे दावा लढवू शकतो. झोपडी एका सकाळी जाते.

पुढील घटनाक्रम ह्याच निष्कर्षाला पुष्टी देतो. अण्वस्त्रांच्या राजकारणावरील 'जंग और अमन' ह्या २००२ च्या पटात सेन्सॉर मंडळाने एकवीस ठिकाणी कात्री सुचविली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो विनाकाट मुक्त केला. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' हा १९९४ मधील पट दूरदर्शनने दाखवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून २००६ साली मिळाला. तत्त्व सिद्ध होण्यास बारा वर्षे लागली. दरम्यान, मुंबईच्या २००४ च्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सवासाठी केवळ भारतीय पटांनाच सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले होते. विरोधामुळे ही अट मागे घेतली गेली, तरी अनेक पट वगळले गेले. तेव्हा चित्रकर्त्यांनी न्यायालयाची वाट न पाहता 'विकल्प' हा समांतर महोत्सव त्याच शहरात भरविला. दाद मागण्यापेक्षा जागा निर्माण करणे, हा ह्या चळवळीने शिकलेला धडा होता.

'हमारा शहर'मध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे ह्यांचे चरित्र ह्या संदर्भात विसरता येत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला; त्यानंतर काही दिवसांतच घोगरे ह्यांनी आपले जीवन संपविले. त्या घटनेपासून पटवर्धन ह्यांनी आरंभिलेले चित्रण चौदा वर्षांनी, २०११ साली, 'जय भीम कॉम्रेड' ह्या रूपाने पुरे झाले. गोळीबाराची चौकशी, खटला आणि शाहिरी परंपरा ह्यांची जी एकत्रित नोंद त्या पटात सापडते, ती कोणत्याही एका सरकारी दप्तरात मिळणे कठीण आहे.

अब्बास निकालाने सुचविलेले अपील न्यायाधिकरण १९८३ साली अस्तित्वात आले आणि २०२१ साली रद्द झाले. फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. संस्था येतात व जातात; पूर्वनियंत्रणाचे तत्त्व मात्र १९७० पासून अबाधित आहे. म्हणून स्वतंत्र अनुबोधपटाच्या अभ्यासकाने निकालपत्रांबरोबरच ते पटही साधन म्हणून वाचले पाहिजेत. अधिकार कोणता दिला गेला हे निकालपत्र सांगते. तो कोणापर्यंत पोचला नाही, ह्याची साक्ष पटात आहे.