वाडीतलं बावखल

वसईचा इतिहास म्हटलं की किल्ला आणि १७३९ सालची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. पण वाडीतल्या घरांची चूल पेटती ठेवली ती बावखलानं.

बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही. पूर्वी त्यावर रहाट फिरायचा. पाटानं पाणी केळी, पानवेली, फुलझाडांना जायचं. आगाशीकडची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि सुकेळी करायची, हेही याच पाण्यावर.

मग पंप आले. उपसा वाढला, पाणी टँकरनंही जाऊ लागलं. विहिरी खारट होऊ लागल्या. रहाट थांबले, तशी बावखलं अडगळ वाटू लागली आणि त्यांत भराव पडला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीनं हिरवाई आणि पाण्यासाठी लढा दिला.

तुमच्या वाडीत बावखल उरलं असेल, तर सातबारावर तुमचं नाव असो-नसो, बुजवायची गोष्ट निघाली की बोला. उन्हाळ्यात गाळ काढा, केळीला घाला. विहीर गोडी राहील.