लळा लावावा की लावू नये? हॅम्पस्टेडच्या युद्धकालीन शिशुगृहांची कथा

१/ बालगृहातील सेविकेने मुलांना लळा लावावा का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील अनेक संस्थांचे उत्तर ‘नाही’ असेच होते. सेविका आज आहे, उद्या नोकरी सोडून जाईल. मग पोराला दोनदा पोरके का करावे? स्वच्छता, वेळेवर अन्न आणि शिस्त एवढे पुरेसे मानले जाई. हे उत्तर जिथे पारखून पाहिले गेले, त्या एका घराचा हा इतिहास.

२/ सप्टेंबर १९४०. लंडनवर जर्मन विमानांचे रात्रंदिवस हल्ले सुरू झाले. वडील सैन्यात, आई कारखान्यात, राहते घर ढिगाऱ्याखाली, अशी कितीतरी कुटुंबे होती. शाळकरी मुले शिक्षकांसोबत खेडोपाडी पाठवता येत. पण दोन-तीन वर्षांच्या पोरांचे काय? अनेकांच्या रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर जात होत्या.

३/ अशा मुलांसाठी जानेवारी १९४१ मध्ये हॅम्पस्टेड भागातील वेडरबर्न रोडवर एक शिशुगृह उघडले. चालक दोघी: सिग्मंड फ्रॉइड यांची कन्या ॲना फ्रॉइड, जी १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आली होती, आणि तिची अमेरिकन सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम. त्याच वर्षी तान्ह्यांसाठी नेदरहॉल गार्डन्स येथे दुसरे घर झाले, तर एसेक्सच्या ग्रामीण भागात तिसरे. निधी मुख्यतः अमेरिकेतून येई. १९४५ मध्ये ही घरे बंद झाली, तोवर सुमारे १९० मुलांनी तेथे आसरा घेतला होता.

४/ आता खरा मुद्दा, कर्मचाऱ्यांचा. अनुभवी परिचारिका मोजक्याच होत्या. बाकी बहुतेक तरुण मुली. त्यांतील कित्येक जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या निर्वासित. ज्यांची स्वतःची घरे हिरावली गेली होती, त्यांनी परक्यांच्या मुलांना घर द्यायचे होते. त्यांना केवळ कामाला जुंपले नाही. कामाबरोबरच बालविकास आणि बालसंगोपनाचे शिक्षणही तेथेच दिले गेले.

५/ या शिक्षणाचे प्रमुख साधन अगदी साधे होते: टिपणांची कार्डे. मुलाने काय केले, काय म्हटले, ते प्रत्येकाने लिहायचे. प्रत्येकाने म्हणजे खरोखरच प्रत्येकाने. तेथे बॉयलर सांभाळणारा आणि पडेल ते काम करणारा जेम्स रॉबर्टसन नावाचा स्कॉटिश तरुण होता. त्यालाही हीच शिस्त लागू होती. ‘मूल हट्टी आहे’ असा शिक्का मारणे सोपे असते. ‘आई भेटून गेल्यावर मुलाने जेवण नाकारले’ असे लिहायला मात्र थांबून पाहावे लागते.

६/ या टिपणांतून एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड झाली. मुले निरोगी होती, नीट खात-पीत होती, सवंगड्यांत रमत होती. पण घरी वाढणाऱ्या मुलांच्या तुलनेत बोलणे आणि शौचाच्या सवयी यांत मागे होती. सगळ्या सेविका सगळ्यांच्या होत्या. म्हणजेच कोणीही कोणाची नव्हती.

७/ म्हणून १९४२ मध्ये व्यवस्था बदलली. साधारण चार मुलांमागे एक सेविका, असे छोटे ‘परिवार’ करण्यात आले. आंघोळ, कपडे, जवळ घेणे हे सारे शक्यतो तिनेच करायचे. हे परिवार कार्यालयात बसून चिठ्ठ्या टाकून ठरवले नाहीत. कोणते मूल कोणाकडे आपणहून ओढले जाते, हे पाहून जोड्या जुळवल्या.

८/ परिणाम? आधी वादळ. शांत दिसणारी मुले ‘माझी’ सेविका म्हणून भांडू लागली, ती खोलीबाहेर गेली तरी आकांत करू लागली, मत्सराने एकमेकांना मारू लागली. वरवर पाहता प्रयोग फसला होता. टिपणे आणि चर्चा नसती, तर जुनी पद्धत परत आणावी असेच कोणालाही वाटले असते. काही आठवड्यांत मात्र हे वादळ ओसरले, मुले स्थिरावली, आणि रेंगाळलेली वाचा व सवयी झपाट्याने सुधारल्या.

९/ तरीही हे चित्र गुलाबी नव्हते. सेविकेला सुट्टी लागे, काही जणी काम सोडून जात, आणि घर कधीतरी बंद होणारच होते. खऱ्या आईची जागा ती घेऊ शकत नव्हती; म्हणूनच पालकांना केव्हाही भेटायला येण्याची मुभा होती. फ्रॉइड आणि बर्लिंगहॅम यांनी संस्थेच्या या मर्यादा १९४४ च्या आपल्या पुस्तकात मोकळेपणाने मांडल्या. पण कोणावर जीव लावण्याची संधीच न मिळणे हे त्यांना अधिक घातक वाटले.

१०/ येथे कालविपर्यास टाळावा. ‘अटॅचमेंट’चा सिद्धांत तेव्हा मांडला गेला नव्हता. जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल १९५१ चा, आणि सिद्धांताची मांडणी त्याहून नंतरची. पुढे ॲना फ्रॉइड आणि बोल्बी यांच्यात तात्त्विक मतभेदही झाले. परंतु दुवा आहे: १९४८ मध्ये बोल्बींनी निरीक्षणाच्या कामासाठी नेमलेला माणूस म्हणजे तोच बॉयलरवाला रॉबर्टसन! रुग्णालयात एकट्या पडलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरील त्याच्या १९५२ च्या चित्रपटाने ब्रिटिश डॉक्टरांना अस्वस्थ केले.

११/ दुसरा दुवा अधिक हृदयद्रावक. १९४५ मध्ये तेरेझिन छळछावणीतून वाचलेली सहा चिमुकली अनाथ मुले ससेक्समधील बुलडॉग्ज बँक या घरी आणली गेली. त्यांना सांभाळणाऱ्या सोफी आणि गर्ट्रूड डान या बहिणी हॅम्पस्टेडमध्येच काम केलेल्या. मुले मोठ्यांना मारत, चावत, थुंकत. पण एकमेकांना क्षणभरही सोडत नसत. त्यांच्यासाठी कुटुंब म्हणजे ती सहा जणच होती. डान बहिणींनी तो बंध तोडला नाही. मुले आपणहून जवळ येईपर्यंत वाट पाहिली.

१२/ ब्रिटनमध्ये १९४६ च्या कर्टिस समितीने बालसंगोपन करणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर दिला, आणि १९४८ चा बालक कायदा आला. हॅम्पस्टेडचा धडा मात्र कायद्यापलीकडचा आहे. ‘मुलांवर माया करा’ असा आदेश काढून माया उपजत नाही. एका सेविकेच्या पदरी मोजकी मुले, नेमलेली जबाबदारी, पाहिलेले लिहायची सवय आणि मन मोकळे करायला सहकारी, एवढे संस्थेने द्यावे लागते. ते न देता लळ्याची अपेक्षा करणे म्हणजे संस्थेचे ओझे सेविकेच्या खांद्यावर टाकणे होय.

१३/ पुढील थ्रेडमध्ये बुडापेस्टला जाऊ. १९४६ मध्ये एमी पिकलर यांनी तेथे सुरू केलेल्या ‘लोत्सी’ बालगृहाने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. तोवर एक प्रश्न तुमच्यासाठी: तुमच्या गावातील बालगृहाचा इतिहास कोणी लिहिला असेल, तर त्यात देणगीदारांच्या नावांपुढे सेविकांची नावे सापडतात का?