दवाखान्याचं बंद दार आणि छापलेली बातमी

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे कोरोनाचे रुग्ण इथे मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाले. रोज आकडे छापून येत होते, तरी 'आत खरं काय चाललंय?' हा प्रश्न थांबला नाही.

प्रश्न जुनाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दवाखान्यात माणसं मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात, अशी अफवा उठली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक अडाणी होते, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण रुग्ण जबरदस्तीने नेला जाई आणि पुढचं घरच्यांना कळत नसे, हे कसं विसरायचं?

पुण्यात टिळकांनी 'केसरी'तून प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावर टीका केली, आणि हिंदू प्लेग हॉस्पिटलही उभं केलं. तिथे ते स्वतः जात. १८९७ मध्ये त्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याने विश्वास काही आला नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईत प्लेगवरून पुन्हा दंगल झाली.

न्यायदर्शनात वात्स्यायनाने 'आप्त' कोणाला म्हणावं ते सांगितलंय: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ.

कोरोनात बातमीदारही बहुधा दाराबाहेरच होता. आकडा खरा असेलही. पण पाहून सांगणारा नसला, की ती जागा अफवा घेते. म्हणून वाचकाला शहाणं करण्याआधी दार थोडं उघडायला हवं.